सहकारनगरची अंडीपिल्ली

"बसली!"

तळजाईच्या चढावर, सकाळी सव्वासहाला, धापा टाकत एक बाई दुसरीला एवढंच म्हणाल्या आणि दोघी जागच्या जागी थांबल्या. तळजाई चढताना कुणी थांबत नाही हो. गुडघे बदललेली माणसंसुद्धा थांबत नाहीत, मागचा पुढे जाईल म्हणून. मी अर्थातच बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

"कधी?"

"काल रात्री. साडेदहाला बसली ती उठलीच नाही. सकाळी ह्यांनी हात लावायला जावं तर अंगावर धावून आली."

"अगं बाई! म्हणजे आता एकवीस दिवस?"

"एकवीस दिवस. आम्ही महाबळेश्वर रद्द केलं."

मला वाटलं, कुणाची सून उपोषणाला बसली. तशी बसण्यासारखी दोन-तीन घरं माझ्या डोळ्यांसमोर आलीसुद्धा. पण नाही. कोंबडी बसली होती. खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसली, म्हणून दोन सुशिक्षित बायका भर रस्त्यात एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता पुण्याला वेडं काही नवी नाहीत. लॉकडाऊनमध्ये घरोघरी आंबवणीच्या पावाचं पीठ बरणीत फसफसत होतं, आणि त्याला लोकांनी पाळण्यातली नावं ठेवली होती. मग लाकडी घाण्याचं तेल आलं. खिडक्यांत मायक्रोग्रीन्स आली. नाचणीचा पिझ्झा आला, तोही आम्ही हसतमुखानं गिळला. पण यातलं काहीही पहाटे चार वाजता आरवत नव्हतं.

आणि हे सगळं कुठे? सहकारनगरात! माझ्या सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्यांच्या लहानपणी घरात कुणाला अशक्तपणा आला आणि डॉक्टरांनी अंडं सांगितलं, तर ते दिवेलागणीनंतर वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दारानं यायचं. वेगळं पातेलं, वेगळा स्टोव्ह, तोही गॅलरीत. टरफलं शेजारच्या वाड्याच्या कचऱ्यात टाकायची, म्हणजे बोभाटा झालाच तर त्यांचा होईल. त्याच सासूबाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी, मध्यंतरी एका रात्री समोरच्या बंगल्याच्या न्हाणीघरात दिवे मालवून, मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बसल्या होत्या. पण ते पुढे सांगते. क्रमानं सांगू दे.

समोरच्या बंगल्यातल्या काकूंपासून हे सुरू झालं. त्यांच्या घरी आणि आमच्या घरी कामाच्या मावशी एकच, त्यामुळे त्या घराची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक असतात. हा वाक्प्रचार मी तीस वर्षं वापरते आहे. शब्दशः खरा ठरला तो यंदाच.

काकूंनी पहिल्यांदा आणली ती कडकनाथ. साधी गावरान आणली असती तर कोण विचारतो? कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. तुरा काळा, चोच काळी, मांससुद्धा काळं. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा भाव पैठणीसारखा चढला. २०१९ मध्ये तर इस्लामपूरच्या बाजूला हिच्या नावावर शेकडो शेतकऱ्यांना टोपी घातल्याचं प्रकरण गाजलं. पिल्लं घ्या, वाढवा, अंडी आम्हीच परत घेऊ, असा तो मामला होता. पण आपल्याकडे टोपी बसल्याची बातमी आठवडाभर टिकते आणि धोनीची बातमी वर्षभर. धोनीनं रांचीच्या शेतासाठी झाबुआहून २००० पिल्लं सांगितली होती. २०२१ च्या सुरुवातीला बर्ड फ्लूनं सौदा अडला आणि पिल्लं २०२२ मध्ये पोचली. "धोनी थांबला, मग आपल्याला काय झालं?" असं काका म्हणाले आणि त्यांनीही नंबर लावला.

तर ती काळी सम्राज्ञी आली. काकूंनी नाव ठेवलं चंद्रकळा. तिनं पहिलं अंडं घातलं तेव्हा अख्खी गल्ली काळं अंडं बघायला जमली. निघालं फिकट बदामी. चारचौघींसारखं. काकूंचा चेहरा उतरला, पण खरा अपेक्षाभंग पुढेच होता. कडकनाथ अंडी घालते, बसायला मात्र राजी नसते. या जातीची ती खोडच आहे. झाबुआकडचे लोक तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवतात. थोडक्यात, आमच्या धाकट्या जाऊबाई. मुलं झाली, पण सांभाळली सगळी सासूनं.

मग मावशींनी वेल्ह्याहून, आपल्या आईकडची एक ठिपक्यांची गावरान तलंग आणून दिली. तिचं नाव शेवंती. आणि सुरू झाली शेवंतीला खुडूक करण्याची मोहीम.

काय काय केलं नाही त्या घरानं! काका बँकेत असताना टेबल टेनिस खेळायचे. त्यांनी आपल्या जपून ठेवलेल्या चेंडूंपैकी पाच चेंडू घरट्यात ठेवले. खोटी अंडी साचलेली दिसली की कोंबडीला वाटतं आता बसावं, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. अंधारा कोपरा हवा म्हणून पायऱ्यांखालचं गणपतीच्या मखराचं सामान माळ्यावर गेलं. सुनेच्या वेळची गर्भसंस्काराची सीडी निघाली. शेवंतीनं अर्धा तास ऐकली आणि सीडी प्लेअरवर चढून जे करायचं ते केलं. फाटकावर काकांच्या वळणदार अक्षरात पाटी आली: 'आत कोंबडी बसण्याच्या विचारात आहे. बेल वाजवू नये. तिचा विचार बदलल्यास जबाबदारी आपली राहील.'

हे सगळं पाहून मावशी पदर तोंडाला लावून माझ्याकडे आल्या. "अवो वहिनी, खुडूक व्हावी म्हणून कोण मागं लागतंय का? आमच्यात खुडूक झाली की शिव्या घालत्यात तिला. अंडी बंद हुत्यात न्हवं का! पाण्यात बुचकाळायची, न्हाईतर नाकात पीस घालायचं, की येती ठिकाणावर. आन् ह्या हितं तिला गाणी लावत्यात!"

मावशींचा मुद्दा बिनतोड होता. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग तिच्या अंगात येतं आणि ती बसते. एकवीस दिवस उबवणार, पुढे दीड-दोन महिने पिल्लं घेऊन मिरवणार. तोवर अंड्याचं नाव नाही. म्हणून वर्षाकाठी तिची अंडी साठ-ऐंशीच्या पुढे सरकत नाहीत. खुडूकपणा प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे येतो, आणि बाळंतिणीला दूधही त्याच संप्रेरकामुळे येतं. हे मी काकूंना सांगितलं ती माझीच चूक. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या वाटीत अळीव दिसले.

पण खरी गंमत ऐका, कारण ही मला रात्री अडीचला अंथरुणात सुचली आणि मी उठून बसले. सगळं सोडून पुण्यात हे चाललंय! कोंबडी बसत नाही यावर ज्या शहराची पोल्ट्री उभी आहे, त्या पुण्यात! बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्य कार्यालय इथलं. रोजचा अंड्याचा भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ ची, तीही इथलीच. खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. या सगळ्या व्यवहाराचा पाया काय? तर लेगहॉर्न घराण्यातली पांढरी कोंबडी. पिढ्यान् पिढ्या, जी बसली तिला गाळलं आणि जी बसली नाही तिचाच वंश वाढवला. बसायचं विसरलेली ही कोंबडी वर्षाला तीनशे अंडी देते आणि उबवायचं काम यंत्र करतं: साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता, मोजून मापून ओलावा, ठरावीक वेळानं अंडी फिरवणं. इतकी बुद्धी खर्चून माणसानं कोंबडीला उभं केलं, आणि आता त्याच शहरात निवृत्त बँक अधिकारी कोंबडीपुढे हात जोडून म्हणतायत, बस बाई, एकदाची बस.

तशी ही बाधा पुण्यातच पहिल्यांदा झाली असंही नाही. १८४९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बोस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं आणि हजारो लोक लोटले. पुढची काही वर्षं शहाणीसुरती माणसं एकेका जोडीसाठी घोड्याची किंमत मोजत होती. त्यात जॉर्ज बर्नहॅम नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी आपल्या कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या, म्हणजे जाहिरात फुकट. भरपूर पैसा केला आणि १८५५ साली या 'कोंबडीज्वरा'वर पुस्तक लिहून गिऱ्हाइकांनाच हसले. त्या वेळच्या एका जातीला नाव मिळालं ब्रह्मा, आपल्या ब्रह्मपुत्रेवरून. कोंबड्या मात्र चीनकडच्या. कोचीन जातीचाही आपल्या कोचीनशी काडीचा संबंध नाही. म्हणजे गावरान म्हणून भलतंच गळ्यात बांधण्याची कला लक्ष्मी रोडवर जन्मली असा माझा जो समज होता, तो मी मागे घेते.

शेवंती अखेर बसली. गर्भसंस्कारामुळे नव्हे. काका-काकू लग्नाला नाशिकला गेले, चार दिवस कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा बसली.

मी बघून आले. खुडूक कोंबडी तुम्ही जवळून पाहिली आहे का? पोळीसारखी पसरते. मान आखडून घेतलेली, पिसं फुललेली, डोळे उघडे पण नजर भलतीकडेच. जवळ गेलं की घशातून कर्रर्र असा आवाज काढते, अगदी पोस्टाच्या खिडकीवर बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी गेल्यासारखा. पोटाखालची पिसं तिनं स्वतःच उपटलेली असतात, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागावी. मी हात घातला. तिनं मनगटाला चोच मारली. पण त्याआधी क्षणभर तळव्याला जी ऊब लागली ती तापलेल्या लहान मुलाच्या कपाळाची होती. दिवसातून एकदा ती उठते, घाईनं दाणापाणी उरकते, अंगण गाजवील असा एक ढीग टाकते आणि वीस मिनिटांत परत. पुण्यात इतक्या वेळेत जेवण उरकून टेबलावर परत येणारा एकही कारकून मी पाहिलेला नाही.

इथे एक लाजिरवाणी गोष्ट घडली आणि ती मी सांगणारच. काकांनी तिच्याखाली एक डझन अंडी ठेवली. कुठली? दुकानातली. खोक्यातली, शिक्का मारलेली. एकवीस दिवस झाले, बावीस झाले. सव्विसाव्या दिवशी दुपारी साडेतीनला एक अंडं फुटलं. 'फुटलं' हा शब्द फार सौम्य झाला. वामकुक्षीत असलेल्या चार बंगल्यांनी एकाच वेळी गॅस कंपनीला फोन लावले.

मावशींनी घरटं उपसता उपसता विचारलं, "काका, ह्या अंड्यांला कोंबडा लागलावता का?"

काका गप्प. काकू गप्प. माझ्या सासूबाई तिथेच होत्या, त्या म्हणाल्या, "म्हणजे काय? कोंबडा कशाला लागतो?" आणि सहकारनगरातल्या त्या स्वच्छ, सुसंस्कृत अंगणात, तीन पदवीधर आणि एक कोंबडी यांच्या समोर, मावशींनी अडीच मिनिटांत तो विषय समजावून सांगितला. पोल्ट्रीत अंड्यांच्या कोंबड्यांजवळ कोंबडा ठेवतच नाहीत. अंडं कोंबड्याशिवायही येतं, पिल्लू येत नाही. काका बँकेत कर्ज विभागाला होते. तारणाशिवाय काही दिलं नाही कधी. आणि इथे सव्वीस दिवस!

दुसरी खेप मावशींनी आपल्या हातात घेतली. वेल्ह्याची, कोंबड्यांत फिरणाऱ्या कोंबड्यांची अकरा अंडी आली. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, भुश्शात ठेवून आणलेली. टोपलीत वाळकं गवत, त्यावर अंडी, आणि कडेला एक लोखंडी खिळा, विजेच्या कडकडाटानं अंडी गार होऊ नयेत म्हणून. काकांनी खिळ्यामागचं शास्त्र विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुमच्या चेंडूंमागं कंचं हुतं?" शेवंतीला रात्री अंधारात, पंखाखाली धरून अलगद ठेवलं. ती एकदा कुरकुरली, चोचीनं अंडी पोटाखाली ओढून घेतली आणि पसरली.

सातव्या रात्री ते न्हाणीघर. दिवे घालवले, टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी बसवली आणि काकूंनी पहिलं अंडं त्यावर धरलं. आत तांबूस उजेड, आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा, मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलला. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि अंडं स्वतःच्या हातात घेतलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. मग एवढंच म्हणाल्या, "दिवा बंद करा आता, गरम लागत असेल त्याला." घरी येऊन त्यांनी हात धुतले की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

अकरातली दोन रिकामी निघाली. उरलेल्या नवांचे दिवस गल्लीनं आपल्या घरातल्या बाळंतपणासारखे मोजले. त्या काळात तळजाईवर चर्चेला दुसरा विषय नव्हता. कोण इनक्युबेटर आणून गुरुवारच्या वीजबंदीत फसलं, कुणाची कोंबडी दहा दिवस बसून अकराव्या दिवशी बिनदिक्कत उठून गेली, कुणाकडे मुंगूस आलं. विसाव्या रात्री अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू यायला लागली आणि शेवंती हलक्या आवाजात आतल्यांशी बोलायला लागली. काका चिमटा घेऊन बसले होते, पिल्लाला मदत करायला. मावशींनी चिमटा काढून घेतला. कवच टोचल्यापासून बाहेर यायला पिल्लाला अर्धा दिवस लागतो, कधी रात्र लागते. घाई केली तर रक्त येतं. आठ निघाली. नववं निघालं नाही. काकूंनी ते जास्वंदीच्या मुळाशी पुरलं.

मग बारसं झालं. हो, बारसं! घुगऱ्या वाटल्या. पशुवैद्यांनी पिल्लांच्या डोळ्यांत मानमोडीच्या लसीचा एकेक थेंब घातला. काका म्हणाले, "शास्त्रीय नाव राणीखेत," आणि दोघी बायकांनी त्यांना सहल कधी निघते म्हणून विचारलं.

इथवर सगळं आलबेल होतं. तीन महिन्यांनी कळलं की आठांत पाच कोंबडे.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पहिला आरवला. गळा बसलेल्या शाळकरी मुलासारखा. दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. आठवडाभरात पाचांची रीतसर जुगलबंदी. सोसायटीची बैठक बसली. सेक्रेटरींनी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणले होते: रात्री दहा ते सकाळी सहा, निवासी भागात पंचेचाळीस डेसिबल. कानाशी आरवला तर कोंबडा शंभर ओलांडतो. काकांनी फ्रान्स काढलं. तिथे मॉरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला, २०१९ मध्ये कोर्टानं कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला आणि २०२१ मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा आहे असा कायदाच झाला. "ते खेड्यातले," सेक्रेटरी म्हणाले. "आम्हीपण पूर्वी गावाबाहेरच होतो," काका म्हणाले. आरवताना चोच पूर्ण उघडली की कोंबड्याच्या कानाची नळी मिटते, त्यामुळे स्वतःचा आवाज त्याला धड ऐकूच येत नाही. ही माहिती मी बैठकीत दिली. का कोण जाणे, सेक्रेटरी आणि काका दोघंही एकदमच माझ्याकडे वळले.

आता पाच कोंबड्यांचं काय करायचं? घर शाकाहारी, आणि बारशात प्रत्येकाला नाव ठेवलेलं. मावशींनी एकदा नुसतं "वहिनी, म्हंजे..." एवढं म्हटलं, तर काकू आत जाऊन रडल्या. शेवटी ठरलं: पाचही जण वेल्ह्याला मावशींच्या आईकडे जाणार, मोकळ्या हवेत राहणार, आणि दर रविवारी काकूंना व्हिडिओ कॉलवर दिसणार. तशी बोलीच झाली. काकांनी खर्चाला महिन्याचे पैसे बांधून दिले.

गेल्या रविवारी मी त्या कॉलला हजर होते. आजींनी अंगणात फोन धरला. एक तांबडा, डौलदार कोंबडा कॅमेऱ्यापुढून गेला. "हा पहिला," आजी म्हणाल्या. मग थोडा वेळ गेला, कुणीतरी हुश् हुश् केलं आणि दुसरा गेला. मग तिसरा. चौथा जरा दमलेला वाटला. पाचव्याच्या तुऱ्याला डावीकडे एक छोटी खाच होती. पहिल्याच्याही होती, आणि मधल्या तिघांच्याही.

मी मावशींकडे पाहिलं. मावशी भांडी घासत होत्या, पाठमोऱ्या.

"बघ गं," काकू डोळे पुसत मला म्हणाल्या, "किती एकसारखे वाढवलेत त्यांनी."